मीटरमध्ये दिवा लागला तर आधी चाबी, मग मोबाईल: एआयला गाडीचा दिवा कसा विचारायचा

मागच्या मे महिन्यात चाळीसगाव सोडलं आणि कन्नड घाट चढायला लागलो. गाडीत आई, बायको, दोन पोरं, डिकी फुल्ल, एसी फुल्ल, दुपारचे दोन वाजलेले. अर्ध्या घाटात मीटरमध्ये लाल दिवा लागला, पाण्यात थर्मामीटर बुडवल्यासारखं चित्र. गाडी साइडला घेतली पण आईला आणि पोरांना ऊन लागेल म्हणून इंजिन चालूच ठेवलं, एसी चालूच, आणि मी दिव्याचा फोटो काढून एआयला विचारत बसलो की हा दिवा कसला आहे. रेंज एक काडी, फोटो जायलाच तीन-चार मिनिटं गेली. उत्तर आलं ते एकदम बरोबर, पहिलीच ओळ होती की इंजिन आत्ताच्या आत्ता बंद करा. पण तोवर बोनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली होती. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली पॅकिंग, गेलं, गाडी टो करून खाली चाळीसगावला आणली, बारा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली.

उत्तर बरोबर होतं, माझा क्रम चुकला. त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला, आमच्या गल्लीतल्या, नात्यातल्या बऱ्याच जणांना मोबाईलवर करून दाखवला, आणि एआय या कामात खरंच उपयोगी पडतं हे मी मनापासून सांगतो, फक्त ते कधी विचारायचं आणि कसं विचारायचं हे माहीत पाहिजे. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड, तुमच्या फोनमध्ये जे असेल ते चालेल, फुकटवाल्यात पण फोटो टाकता येतो.

आधी जिथे विचारायचंच नाही ते

रंगाचा हिशोब साधा आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळा किंवा नारंगी म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे एवढंच, जसं इंडिकेटर किंवा अप्पर लाइट. हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं पण चालत्या गाडीत लाल दिवा दिसला की माणूस "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ" म्हणतो, आणि तिथेच इंजिन जातं.

तेलाच्या कुप्पीचं चित्र आणि टोकाला थेंब, हा लाल लागला तर गाडी साइडला घेऊन लगेच बंद. हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेला हे सांगतो, आणि दाब नसला की आतले भाग एकमेकांवर कोरडे घासतात, मिनिट-दोन मिनिटात इंजिन जाम होऊ शकतं. गाडी सपाट जागी उभी करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून बघा, तेल कमी असेल तर टाका, पण तेल बरोबर असून दिवा जात नसेल तर परत स्टार्ट मारू नका, टो करा.

थर्मामीटरवाला लाल, जो माझा लागला, तो आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतो कारण भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ च्या पुढे जातो आणि वरून घाट, एसी, लोड. गाडी थांबवा, एसी बंद, इंजिन बंद, माणसं सावलीत काढा, आणि कमीत कमी अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या बाटलीच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० डिग्रीच्या वर गेलेलं असतं, झाकण फिरवलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं पण बंद, त्याने हेडला तडा जातो. ट्रॅफिकमध्ये अडकलाय आणि थांबायला जागाच नाही अशा वेळी एसी बंद करून हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल करा, त्याने इंजिनची थोडी गरमी आत खेचली जाते, त्रास होतो पण दोन-तीनशे मीटर निघतात.

ब्रेकचा लाल, गोलात उद्गारचिन्ह. पहिल्यांदा हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, खूप वेळा तो एक दात वर राहिलेला असतो. तो खाली असून दिवा आहे म्हणजे ब्रेक ऑइल कमी झालंय किंवा कुठून तरी गळतंय, गाडी पुढे न्यायची नाही. पिवळा एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) एकटा असेल तर साधा ब्रेक लागतो, हळू जाता येतं, पण एबीएस आणि लाल ब्रेक दोन्ही सोबत आले तर उभी करा.

बॅटरीचा लाल थोडा वेगळा. त्याचा अर्थ बॅटरी खराब असाच नसतो, बॅटरी चार्ज होत नाहीये असा असतो, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा बेल्ट. एसी, म्युझिक सगळं बंद करून बॅटरीच्या जोरावर थोडं अंतर जाता येतं, पण बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून बोनेट उघडून बेल्ट जागेवर आहे का ते बघितल्याशिवाय निघू नका, बेल्ट तुटला असेल तर पाच मिनिटात गाडी गरम होते.

हे चार पाठ करा, पोरांकडून पाठ करून घ्या. यांच्यासाठी मोबाईल नंतर, चाबी आधी. बाकीच्या दिव्यांसाठी आणि गाडी बंद करून सावलीत बसल्यानंतर पुढचं सगळं.

रविवारी घरी करायचं काम

एआयचा खरा फायदा रस्त्यावर कमी आणि घरी जास्त आहे, हे मला उशिरा कळलं. गाडी अंगणात सावलीत उभी करा. चाबी ऑनवर फिरवा पण स्टार्ट मारू नका. बटणवाली गाडी असेल तर क्लच-ब्रेक न दाबता बटण दोनदा. मीटरमधले जवळपास सगळे दिवे एकदम लागतील, काही पाच-सहा सेकंदात जातील, काही इंजिन चालू होईपर्यंत राहतील. गाडी त्या वेळात स्वतःची तपासणी करत असते. याचा व्हिडिओ काढा, कारण दिवे वेगवेगळ्या वेळी जातात आणि फोटोत सगळे सापडत नाहीत, मग व्हिडिओ थांबवून दोन-तीन स्क्रीनशॉट घ्या.

इथेच एक गोष्ट सांगतो जी जुनी गाडी घेणाऱ्यांच्या कामाची आहे. चाबी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा किंवा चेक इंजिनचा दिवा (इंजिनच्या आकाराचं पिवळं चित्र) लागायलाच पाहिजे आणि मग जायला पाहिजे. तो लागतच नसेल तर एकतर बल्ब गेलाय नाहीतर कोणीतरी तो मुद्दाम काढून ठेवलाय. आमच्या मामेभावाने धुळ्याला बघितलेली गाडी याच्यावरूनच सोडली, एअरबॅगचा दिवा एकदाही लागला नाही आणि विकणारा विषय बदलत होता.

आता स्क्रीनशॉट एआयला टाका आणि असं लिहा, मी लिहिलं होतं तसंच देतो: "ही माझ्या गाडीच्या मीटरची चाबी ऑन केल्यावरची स्थिती आहे, इंजिन बंद आहे, म्हणून सगळे दिवे लागलेत, गाडीत बिघाड नाही. डावीकडून एकेक चिन्ह आधी कसं दिसतं ते शब्दात सांग, मग त्याचं नाव, मग चालत्या गाडीत लागलं तर काय करायचं ते एका ओळीत. जे नीट दिसत नाही ते दिसत नाही असं सांग, अंदाज करू नको."

यातलं "आधी शब्दात सांग" हे फार महत्त्वाचं आहे. एकदम नाव विचारलं की एआय कधी कधी जवळचं नाव ठोकून देतं. चित्र शब्दात सांगायला लावलं की तुम्हालाच कळतं त्याने बरोबर बघितलं का. माझ्या वेळेला त्याने टायरच्या हवेचा दिवा ब्रेकचा सांगितला होता, दोन्हीत उद्गारचिन्ह असतं. टायरवाल्यात ते वरून उघड्या, घोड्याच्या नालीसारख्या आकारात असतं, ब्रेकवाल्यात पूर्ण गोलात. चूक मला लगेच दिसली कारण त्याने लिहिलं होतं "गोलात उद्गारचिन्ह" आणि समोर गोल नव्हताच.

दुसरं काम मॅन्युअलचं. गाडीसोबत जे जाड पुस्तक मिळतं आणि जे आपण प्लॅस्टिकमधून बाहेर पण काढत नाही, त्याचीच पीडीएफ बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर असते, आपलं मॉडेल आणि वर्ष बघून उतरवून घ्या. ती पीडीएफ एआयच्या चॅटमध्ये टाका आणि सांगा, "यापुढे दिव्यांबद्दल फक्त या पुस्तकातून उत्तर दे, पान नंबर दे, पुस्तकात नसेल तर नाही असं सांग." मग ते सांगेल ते पान स्वतः उघडून बघा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि याच्यासारखा पक्का मार्ग दुसरा नाही, कारण एकच चित्र वेगवेगळ्या कंपनीत थोडं वेगळं सांगतं. आता स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा पिवळा दिवा घ्या, डिझेल गाडीत तो सकाळी चाबी ऑन केल्यावर लागणं नॉर्मल आहे, ग्लो प्लग गरम होतात, दिवा गेला की स्टार्ट मारायचा. पण तोच चालता चालता ब्लिंक व्हायला लागला तर काही कंपन्यांच्या गाडीत तो इंजिनच्या सेन्सरचा बिघाड सांगतो. हे तुमच्याच गाडीच्या पुस्तकात बघायला लागतं.

दिवा खरंच लागल्यावर फोटो कसा काढायचा

गाडी थांबलेली, हँडब्रेक लावलेला. चालवताना फोटो काढायचा नाही, बाजूला बसलेल्याला पण पुढे वाकून काढायला लावू नका.

आपल्याकडचं ऊन काचेतून मीटरवर पडतं आणि फोटोत सगळं पांढरं होतं, म्हणून दार बंद करून रुमालाने किंवा टोपीने वरून सावली करा, फोन जवळ नेऊन दिव्यावर बोट ठेवून फोकस करा. एक फोटो पूर्ण मीटरचा, एक फक्त दिव्याचा. रंगावर फोटोत भरवसा ठेवू नका, पिवळा दिवा फोटोत लाल दिसतो आणि लाल दिवा नारंगी, म्हणून रंग आपल्या डोळ्याने बघून लिहा. आणि दिवा सलग आहे का ब्लिंक होतो ते लिहाच लिहा, फोटोत ते दिसणं शक्यच नाही आणि अर्थ पूर्ण बदलतो. चेक इंजिनचा पिवळा सलग असेल तर आरामात गाडी नेऊन एक-दोन दिवसात दाखवली तरी चालते, पण तोच पेट्रोल गाडीत ब्लिंक होत असेल आणि गाडी झटके देत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये, ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून खराब होतो आणि तो भाग फार महाग आहे.

इंजिन चालू असताना दिवा लागला का नुसत्या चाबीवर, हे पण लिहा. अमळनेरला माझ्या साडूने घाबरून मला फोन केला, एआय म्हणतंय बॅटरी चार्ज होत नाही, तेलाचा दाब नाही, इंजिन चालू करू नका. मी विचारलं फोटो कधी काढला, तर गाडी बंद करून, चाबी ऑन ठेवून काढलेला. त्या स्थितीत हे दोन दिवे लागणारच. ते एआयला कुठून कळणार, त्याला वाटलं गाडी चालू आहे. खरा दिवा एकच होता, टायरच्या हवेचा.

काय लिहायचं, आणि त्याला काय विचारायला लावायचं

नुसता फोटो टाकून "हे काय आहे" लिहिलं की उत्तर पण तसंच गोलमोल येतं, दहा कारणं आणि शेवटी मेकॅनिकला दाखवा. मेकॅनिकला पहिल्यांदा काय सांगतो आपण? कंपनी, मॉडेल, वर्ष, पेट्रोल का डिझेल का सीएनजी, किती किलोमीटर झाली, कधीपासून होतंय, आवाज, वास, धूर, पिकअप. हेच इथे. आणि गेल्या महिन्याभरात गाडीचं काय काम केलं, बॅटरी बदलली, सर्व्हिस झाली, सीट काढून धुतल्या, पाण्यातून गाडी गेली, काहीही. सीट धुतल्याचं का, तर सीटच्या खाली एअरबॅगच्या वायरचे कनेक्टर असतात, ते ओढले गेले की एअरबॅगचा दिवा लागतो. मात्र ते कनेक्टर स्वतः उघडझाप करू नका, एअरबॅगचं काम जाणकाराचंच.

टाइप करायचा कंटाळा असेल तर माइक दाबून बोला, मराठी चांगलं घेतं. अहिराणीत बोललो तेव्हा माझ्या फोनवर शब्द भलतेच उमटले, म्हणून तेवढं मराठीत बोला.

आणि शेवटी ही ओळ टाका: "उत्तर द्यायच्या आधी तुला जी माहिती पाहिजे ते प्रश्न मला एकेक करून विचार." या एका ओळीने काय फरक पडतो ते सांगतो.

यावलजवळ माझ्या काकांची केळी आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या डिझेल गाडीत पिवळा दिवा लागला, फिल्टरसारखं चित्र आणि खाली थेंब. गाडी अधूनमधून दबत होती. एआयने सांगितलं डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा आहे, आणि मग प्रश्न विचारला, गेल्या दोन-तीन दिवसात डिझेल कुठून भरलं? काका म्हणाले पंपावरून, नेहमीच्याच. मी तेच टाइप केलं. पुढचा प्रश्न आला, पंपाशिवाय दुसरीकडून, कॅनमधून, साठवलेल्या डिझेलमधून काही टाकलं का? काका दोन मिनिटं गप्प. ट्रॅक्टरसाठी शेडमध्ये २०० लिटरचा ड्रम ठेवलेला, आदल्या दिवशी रात्री सालदाराने त्यातून पाच लिटर गाडीत टाकलेलं. आम्ही शेडमध्ये जाऊन बघितलं तर ड्रम उभा, वरचं बूच सैल, आणि झाकणाच्या कडेने पावसाचं पाणी साचून त्या बुचाच्या आट्यांतून हळूहळू आत जात होतं. काठी घालून बाहेर काढली, वर डिझेलचा चकाकता थर आणि बुडाशी चार बोटं नुसतं गढूळ पाणी. पाणी जड, ते खाली बसतं, आणि सालदार हातपंपाची नळी तळापर्यंत घालून काढत होता.

मेकॅनिकला फोन करून हेच सांगितलं. त्याने येताना फिल्टर आणलाच, फिल्टरच्या खालच्या नटातून पाणी काढलं, टाकी रिकामी केली. गाडी अशीच आठवडाभर चालवली असती तर इंजेक्टर आणि पंपापर्यंत पाणी गेलं असतं आणि तो खर्च काकांच्या एका तोडणीचा होता. दिव्याचं नाव तर पुस्तकातही मिळालं असतं, ड्रमपर्यंत मात्र त्या दोन प्रश्नांनी नेलं.

प्रश्नोत्तरं झाली की मी शेवटी एवढंच विचारतो: गाडी चालवू का नको आणि चालवली तर किती अंतर, किती स्पीडने, मी स्वतः हत्याराशिवाय काय बघू शकतो, शक्यता जास्त ते कमी अशा क्रमाने कारणं, आणि कोणतं लक्षण दिसलं तर तुझा सल्ला बदलेल. ते शेवटचं विसरू नका, त्याच्यामुळे रस्त्यात कशावर नजर ठेवायची ते कळतं.

बीएस६ डिझेलवाल्यांसाठी थोडं जास्त

१ एप्रिल २०२० पासून बीएस६, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम, आला आणि डिझेल गाड्यांत डीपीएफ नावाची जाळी आली, धुरातली काजळी धरून ठेवणारी. ती भरत आली की गाडी जास्त गरमी करून काजळी जाळते, पण त्याला सलग चाल लागते. आपल्याकडे गाडी घर ते शेत, शेत ते बाजार, पाच-सात किलोमीटर, ती जळायच्या आतच बंद होते. मग डीपीएफचा पिवळा दिवा लागतो, डबीत ठिपके असल्यासारखं चित्र. बहुतेक पुस्तकांत सांगितलेलं असतं की साधारण १५-२० मिनिटं सलग ५०-६० च्या वर, एका गियरमध्ये, न थांबता चालवा, नेमका आकडा तुमच्या पुस्तकातला घ्या. पारोळ्याहून धुळ्याकडे मोकळ्या चौपदरीवर एक चक्कर मारली की बऱ्याचदा दिवा जातो. पण दिवा ब्लिंक व्हायला लागला किंवा सोबत चेक इंजिनचा लागला, पिकअप गेला, तर चक्कर मारून उपयोग नाही, वर्कशॉपला स्कॅनर लावूनच साफ करायला लागते. एआयला विचारताना "माझी रोजची फेरी किती किलोमीटरची" हे लिहा, डीपीएफच्या बाबतीत तीच माहिती सगळ्यात महत्त्वाची आहे.

एआय कुठे चुकतं

बऱ्याच वेळा ते अमेरिकेतली गाडी धरून बोलतं. फॅरेनहाइट, दुकानात बिघाडाचा कोड फुकट वाचून मिळेल वगैरे. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा, गाडी भारतातली, बीएस४ का बीएस६, आकडे सेल्सियसमध्ये आणि पीएसआयमध्ये दे. चेक इंजिनला हमखास सांगतं की इंधन टाकीचं झाकण घट्ट करा, हे पेट्रोलच्या वाफेच्या सिस्टीमचं आहे, डिझेल गाडीला लागू नाही. असा सल्ला आला म्हणजे समजा तुम्ही डिझेल लिहायचं विसरलात किंवा ते विसरलं.

टायरच्या हवेचा आकडा त्याला विचारू नका. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तोच खरा, आणि हवा सकाळी गाडी थंड असताना बघा, उन्हात चालून आलेल्या टायरमध्ये आकडा वर दिसतो, दुपारी त्या आकड्यावर हवा काढली की सकाळी टायर कमी.

आणि तुम्ही दोनदा "पण गाडी चालवली तर चालेल ना?" असं विचारलं की ते हळूहळू तुमच्या बाजूने बोलायला लागतं. मी करून बघितलंय. ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग, तेल, गरमी, या पाचमध्ये पहिलं जे "थांबा" आलं तेच धरा.

कोड वाचता येत असेल तर

स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनचं एक सॉकेट असतं, मेकॅनिक स्कॅनर लावतो ते. त्याच्यात लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, मोबाईलवर अ‍ॅप टाकलं की कोड दिसतो. गल्लीत चार गाड्या असतील तर एकच घ्या सगळ्यांत. कोडचं पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-चाकं, बी म्हणजे बॉडी, यात एअरबॅग येते, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. अक्षरानंतरचा पहिला आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांत सारखा, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा, तिथे एआयवर अवलंबून राहू नका.

मोठी चूक इथे होते: कोड म्हणजे पार्ट नाही. पी०१७१ आला म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय एवढंच. फाटलेला हवेचा पाइप असेल, मळलेला एअर सेन्सर असेल, पेट्रोल पंप कमजोर असेल. सरळ सेन्सर बदलला आणि पाइप तसाच राहिला तर पैसे पण गेले आणि दिवा पण परत आला. एआयला विचारा, "या कोडसाठी स्वस्तातली आणि सोपी तपासणी आधी, अशा क्रमाने सांग." आणि मेकॅनिकने बघायच्या आधी अ‍ॅपमधून कोड पुसू नका, कोडसोबत त्या क्षणाचं स्पीड, तापमान, आरपीएम साठवलेलं असतं, पुसलं की ते पण जातं आणि त्याला चाचपडत बसावं लागतं.

बॅटरीचा दिवा असेल तर साधा मल्टीमीटर पण खूप सांगतो. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट. चालू गाडीत पण १२ च्या घरातच राहिला तर चार्जिंग होत नाही. हे आकडे एआयला दिले की उत्तर अंदाजावरून मुद्द्यावर येतं. काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतः कमी-जास्त करतात, म्हणून हेडलाइट लावून परत एकदा मोजा.

गॅरेजमध्ये

"मोबाईलवर असं आलंय" असं म्हणून मेकॅनिकच्या समोर स्क्रीन धरू नका. तीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला ते लागतं, आणि त्याच्या कानाला जे ऐकू येतं ते एआयला ऐकू येत नाही. आमचा मेकॅनिक गाडी दारात आल्या आल्या "काय व्हयनं भाऊ?" विचारतो आणि उत्तर द्यायच्या आधीच इंजिनकडे कान लावतो. मी एआयकडून दहा ओळींचा सारांश करून घेतो, दिवा कधी लागला, कशात लागला, मी काय बघितलं, कोड काय, आणि तेवढंच त्याला सांगतो. निदान त्याला करू द्या.

बिलाचा अंदाज हातात आला की त्याचा फोटो मात्र एआयला टाका आणि प्रत्येक ओळ मराठीत समजावून घ्या, हा पार्ट काय करतो, दिव्याशी त्याचा संबंध काय. एकदा माझ्या चेक इंजिनच्या तक्रारीवर एका वर्कशॉपने पुढच्या सस्पेंशनचं काम लिहिलं होतं. मी शांतपणे विचारलं की याचा दिव्याशी संबंध कसा, त्यांनी सांगितलं हे वेगळं, पुढच्या सर्व्हिसला केलं तरी चालेल. भांडण नाही, काही नाही. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

रेंज नसेल तिथे

तोरणमाळचा घाट, धडगावकडचा रस्ता, सातपुड्यात पाल-यावलच्या जंगलाकडे, मोबाईलची रेंज कधी जाईल सांगता येत नाही, आणि दिवा तिथेच लागतो कारण चढ तिथेच आहे. म्हणून रविवारी एआयकडून जे काम करून घेतलं ते कागदावर उतरवा. मी एआयला सांगितलं, "माझ्या मॅन्युअलमधून सगळे लाल आणि महत्त्वाचे पिवळे दिवे एका पानावर बसतील असे मराठीत लिहून दे, दिव्याचं वर्णन, थांबायचं का, पहिलं काय करायचं." ते पुस्तकाशी ताडून बघितलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन केलं. मॅन्युअलची पीडीएफ पण फोनमध्ये उतरवून ठेवलीय, नेट नसताना उघडते का ते फोन एअरप्लेन मोडला टाकून तपासलं.

लॅमिनेशनचा तो कागद आता ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, आणि डिकीत दोन लिटर कूलंट, पाच लिटर पाणी, जाड फडकं आणि टो करायचा पट्टा. कागदाच्या मागच्या बाजूला मी पेनने मेकॅनिकचा आणि टोवाल्याचा नंबर लिहिलाय आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: लाल असेल तर इंजिन बंद, मग हे पान वाचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मेहुणा गाडी घेऊन बहिणीला आणायला गेला तेव्हा चाबी देताना त्याच्याकडून ती ओळ मोठ्याने वाचून घेतली.